उंबरठा कोणी घातला?

गेल्या वर्षी कापणीच्या सणाच्या आधी बडोद्याच्या आमच्या मराठी मंडळीत एक लहानशी गोष्ट घडली. लहान म्हणून ती विसरूनही गेलो असतो; पण ती मनातून जाईना, आणि तिच्यातून जो प्रश्न उभा राहिला तो वाचकांपुढे मांडावा असे वाटले, म्हणून हा लेख.

आमच्या उपासनेत गेली कित्येक वर्षे एक मास्तर पेटी वाजवतात. ते जन्मापासून अंध आहेत. गीतांच्या चाली तर त्यांना मुखोद्गत आहेतच. पण कोणत्या कडव्याला मंडळी मागे रेंगाळते आणि कोठे घाई करते, हेही त्यांना पाठ आहे. सणाच्या आधीच्या आठवड्यात गीतांच्या सरावाची वेळ बदलली. शनिवारी सहाचा सराव शुक्रवारी सातला ठरला. आम्ही कमिटीच्या लोकांनी एक सुरेख सूचनापत्रक तयार करवून घेतले. वर धान्याच्या कणसांचे चित्र, खाली वळणदार अक्षरांत दिवस, वेळ आणि गीतांचे क्रमांक. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्वांना गेले आणि सर्वांनी वाहवा केली. शुक्रवारी सराव झाला. मास्तर आले नाहीत. तब्येत बरी नसेल असे आम्ही धरून चाललो. शनिवारी सहा वाजता ते नातवाचा हात धरून देवळाच्या कुलूप लावलेल्या दारापाशी येऊन उभे राहिले.

रविवारी आम्ही त्यांना विचारले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अहो, तुमच्या पत्रकात काय होतं हे मला कसं कळणार? माझा फोन म्हणाला, 'फोटो'. पूर्वी कागद निघायचा तेव्हा पाळकसाहेब तो उपासनेत वाचून तरी दाखवायचे. आता सगळ्यांना वाटतं, मोबाइलवर पाठवलं म्हणजे पोचलं."

आमच्यापैकी कोणाच्याही मनात मास्तरांविषयी वाईट भावना नव्हती. उलट त्यांच्याविषयी सर्वांना आदर आहे. तरीही कुलूप लावलेल्या दारापाशी ते उभे राहिले ते आमच्यामुळेच. ज्या कृत्यात कोणाचाही वाईट हेतू नाही, परंतु ज्याने एक माणूस बाहेर राहतो, त्या कृत्याची जबाबदारी कोणाची? आणि ती जबाबदारी दयेची की न्यायाची? हा प्रश्न एका पेटीवाल्या मास्तरांपुरता नाही. बँक, रेल्वेचे तिकीट, दवाखान्याची वेळ, मुलांच्या शाळेची फी, सरकारी पेन्शन हे सारे आज मोबाइलच्या पडद्यामागे गेले आहे. त्या पडद्याच्या दाराशी कोण अडते याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

बोलणारा फोन

डोळ्यांनी न दिसणारा माणूस मोबाइल कसा वापरतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले नसते. फोनमध्ये एक वाचक दडलेला असतो. पडद्यावर बोट फिरवले की बोटाखाली जे असेल ते तो बोलून दाखवतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडते. आयफोनमध्ये ही सोय 'व्हॉइसओव्हर' या नावाने २००९ साली आली. अँड्रॉइड फोनांत तिला 'टॉकबॅक' म्हणतात. संगणकासाठी 'एनव्हीडीए' नावाचा वाचक आहे. तो ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये लिहावयास घेतला, आणि जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. अंधांनी अंधांसाठी केलेली ही वस्तू आजही कोणालाही फुकट मिळते. हे वाचक मराठीही बोलतात. फोनचा आवाज हिंदीवर राहिला तर मराठी मजकूर हिंदी धाटणीने वाचला जातो आणि मास्तरांसारख्या कानाच्या माणसाला ते फार खटकते. पण मराठी आवाज निवडण्याची सोय आहे आणि मास्तरांनी ती केव्हाच करून घेतली आहे.

म्हणजे पाहा, यंत्राने आपले काम चोख केले आहे. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांनी पत्र वाचावे लागले त्याला आता स्वतःचे पत्र स्वतः वाचता येते. मात्र यासाठी एकच अट आहे: मजकूर हा मजकूर म्हणून पाठवलेला असावा. अक्षरांचे चित्र काढून पाठवले की वाचकाच्या दृष्टीने ती अक्षरे राहत नाहीत. कणीस आणि अक्षर दोन्ही त्याला सारखीच. चित्रातील अक्षरे ओळखू पाहणाऱ्या सोयी अलीकडे निघाल्या आहेत, पण नक्षीदार वळणाच्या देवनागरीपुढे त्या अडखळतात. सहाचे सात वाचले गेले तर त्या सोयीचा उपयोग काय?

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती छापखान्याशी संबंध असलेल्यांना चटकन कळेल. संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा जो तो आपापल्या फाँटाच्या पद्धतीने ती करू लागला. त्या पद्धतीत संगणकाच्या पोटात साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे व चिन्हे. फाँट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. डोळ्याला 'प्रार्थना' दिसते, वाचकाला मात्र काही चिन्हांची अर्थहीन माळ मिळते. उलट युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरी तीत आहे. तरीही आज कितीतरी मराठी पत्रके, अहवाल आणि पाठ जुन्या फाँटात जुळवून त्यांची पीडीएफ पाठवली जाते. ती पाहणाऱ्याला काहीच वावगे वाटत नाही, आणि ऐकणाऱ्याला तीत काहीच सापडत नाही.

अडणारे एकटे अंध नव्हेत

दृष्टीची गोष्ट झटकन ध्यानात येते म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे पाहा. पाळकसाहेबांचा संदेश चित्रफितीवर आहे, पण खाली शब्द नाहीत. बहिऱ्या माणसाला ओठ हलताना दिसतात, एवढेच. ज्याचा हात कापतो त्याला पडद्यावरचे गव्हाच्या दाण्याएवढे बटण नेमके दाबता येत नाही, आणि तो दाबेपर्यंत ओटीपीची वेळ संपते. ज्याला तांबडा व हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही त्याला "तांबड्या चौकटी भरा" ही सूचना निरर्थक आहे. ज्याची समज हळू चालते त्याला लांबलचक कचेरी भाषेतील अर्ज म्हणजे भिंतच. आणि या सर्वांना मिळून जी अडचण येते ती वाढत्या वयात थोडीथोडी आपल्या प्रत्येकाच्या घरी येते.

कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचा विचार मिशनच्या इस्पितळांमुळे आपल्या मंडळ्यांना नवा नाही. वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या लेप्रसी मिशनचे नाव आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. त्या रोगाने ज्यांची बोटे झडली किंवा बोटांवरील रेषा पुसल्या गेल्या, त्यांच्यापुढे आधारच्या यंत्राने "अंगठा लावा" म्हटले तर त्यांनी काय लावावे? बुबुळाच्या नमुन्याने ओळख पटवण्याचा पर्याय आहे. परंतु खेड्यातल्या काउंटरवर बसलेल्याला तो ठाऊक नसेल, किंवा तेथे तसले यंत्रच नसेल, तर रोग बरा झाला असूनही माणूस पुन्हा रांगेबाहेर उभा राहतो.

अशीच एक हकीकत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. बँकेत खाते उघडताना आता समोरचा माणूस जिवंत आहे, नुसते छायाचित्र नव्हे, हे पाहण्यासाठी यंत्र त्याला डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. अ‍ॅसिडच्या हल्ल्यात ज्यांचे डोळे व चेहरा होरपळला त्यांना ती करता येईना. त्या बाया-माणसे हाडामांसाची समोर बसलेली असूनही यंत्राच्या लेखी जिवंत ठरेनात! त्यांच्यापैकी काहींनी आणि एका अंध अर्जदाराने न्यायालयाकडे धाव घेतली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी ठरवले आणि केवायसीची पद्धत सर्वांना जमेल अशी करण्यासाठी वीस आदेश दिले.

कायदा त्याआधीही होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. १९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत, आणि कुष्ठमुक्त व अ‍ॅसिडपीडित व्यक्तींचाही त्यांत समावेश आहे. ध्वनी, छापील वा इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर अशा सर्वांना घेता यावा, असे त्याचे ४२वे कलम सांगते. मात्र त्याखालच्या नियमांत मानके सांगितली होती ती शिफारशीसारखी. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका निकालात म्हटले की असे नियम मूळ कायद्याशी विसंगत आहेत, आणि बंधनकारक मानके करण्यास सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. "जमल्यास करा" आणि "केलेच पाहिजे" या दोहोंतला फरक न्यायालयाने असा दाखवून दिला. नीतीच्या दृष्टीनेही तोच फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

वाटेतला दगड

डोंगराच्या पायवाटेवर दरड कोसळून धोंडा आला आणि त्याला ठेचकाळून कोणी पडला, तर आपण त्याला दुर्दैव म्हणतो. तोच धोंडा कोणी घर बांधताना आणून वाटेत टाकला असेल तर त्याला आपण दुर्दैव म्हणत नाही. टाकणाऱ्याच्या मनात कोणाला पाडायचे नव्हते हे खरे असले तरी, "धोंडा तुमचा, तुम्हीच उचला," असे आपण त्याला सांगतोच.

मोबाइलच्या पडद्यावर दरड कोसळत नाही. तेथे डोंगर नाही, नदी नाही, पाऊस नाही. तेथील एकूण एक रेघ, बटण, रंग आणि ओटीपीचे घड्याळ कोणीतरी मुद्दाम बसून ठरवलेले असते. म्हणून तेथे कोणी अडला तर त्याचे खापर दैवावर फोडता येत नाही. मास्तरांचे अंधत्व आम्ही केले नाही. पण त्यांचा फोन 'फोटो' एवढेच बोलून गप्प बसला, हे मात्र आमचे कर्तृत्व. आजवर आपण या दोन गोष्टींची गल्लत करत आलो. माणूस अडला की त्याच्या डोळ्याकडे, पायाकडे, हाताकडे बोट दाखवायचे आणि हळहळायचे. आपण घातलेल्या उंबरठ्याकडे पाहायचेच नाही.

यावर कोणी म्हणेल, "आम्हाला ठाऊकच नव्हते." पहिल्या खेपेस हे म्हणणे खरे असते आणि त्याला क्षमाही आहे. पण एकदा मास्तर कुलपाशी उभे राहिलेले पाहिल्यावर दुसऱ्या खेपेस तेच म्हणता येत नाही.

मदत आणि मोकळी वाट

आमच्या मंडळीत या विषयावर बोलणे निघाले तेव्हा एका भगिनीने मनापासून म्हटले, "एवढं कशाला? मास्तरांना आम्ही कोणीही वाचून दाखवू की!" हा आक्षेप प्रेमातून आलेला आहे, म्हणून त्याला उत्तर देणे सर्वांत कठीण आहे.

एक उदाहरण घेऊ. मास्तरांची पेन्शन बँकेत जमा होते. बँकेचे अ‍ॅप फोनच्या वाचकाला नीट वाचता आले तर ते स्वतः शिल्लक ऐकतात, पैसे पाठवतात, पासवर्ड स्वतःपाशी ठेवतात. अ‍ॅपमधल्या बटणांना नावेच दिलेली नसतील तर वाचक म्हणतो, "बटण, बटण, बटण". मग मास्तरांनी शेजाऱ्याला बोलवायचे, त्याला पिन सांगायचा, ओटीपी वाचून घ्यायचा. शेजारी सज्जन असेलही. पण मास्तरांच्या खात्यात किती आहे, त्यांनी कोणाला किती दिले, दवाखान्याच्या तपासणीत काय निघाले, हे सारे त्याला कळणार. तो नोकरीवर गेला असेल तर मास्तर थांबणार. तो कंटाळला असेल तर मास्तरांनी आवाजात आर्जव आणायचे. आपण डोळस माणसे कोणाला आपला पिन सांगतो का? मग जी लाज, जी सावधगिरी आपण स्वतःसाठी राखतो ती मास्तरांनी आपल्या प्रेमापोटी सोडून द्यावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या अधिकाराने करतो?

आपल्या देशाने एका बाबतीत हे फार चांगले ओळखले आहे. अंध मतदाराला मतदानाच्या वेळी सोबत्याला आत नेण्याची मुभा कायद्यात आहे. तरीही मतदान यंत्रावर ब्रेलमध्ये अंक कोरलेले असतात. सोबती असताना हे कशाला? तर मत हे त्याचे स्वतःचे आहे, ते त्याच्या स्वतःच्या बोटाने पडावे आणि कोणाला पडले ते दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून. सोबत ही हवी तेव्हा घेण्याची गोष्ट आहे. घेतल्यावाचून गत्यंतरच नसेल तर तिला सोबत म्हणता येत नाही.

यावरून मदत करू नये असा अर्थ कोणी काढू नये. रस्ता ओलांडताना दिलेला हात, आजारपणात केलेली सेवा यांची गरज राहणारच. आमचे म्हणणे एवढेच की जी वस्तू आपण घडवतो ती घडवतानाच जो अडथळा टाळता येतो, तो ठेवून देऊन मग तो ओलांडायला हात देण्यात पुण्य नाही. कर्जदाराने कर्जाची रक्कम भेट म्हणून देऊ केली तर आपण तिला भेट म्हणू काय?

डोळसांची अक्षरे आणि सहा ठिपके

या विषयाला इतिहासही आहे. पॅरिसच्या अंधशाळेत मुलांना वाचायला शिकवत ते आपल्या नेहमीच्या रोमन अक्षरांचे उठाव कागदावर काढून. डोळस शिक्षकांना ती अक्षरे सोपी वाटत, कारण त्यांच्या डोळ्यांना ती ओळखीची होती. बोटांना मात्र त्यांची वळणे उकलायला फार वेळ लागे. लहानपणी बापाच्या कारखान्यातील हत्याराने डोळे गमावलेला लुई ब्रेल तेथेच शिकत होता. बार्बिए नावाच्या एका माणसाने काढलेली बारा ठिपक्यांची लिपी त्याच्या हाती आली. ती त्याने सहा ठिपक्यांवर, म्हणजे बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावेल एवढ्यावर आणली. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी त्याने ही रचना बेतली आणि १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. पण त्याच्याच शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली. ब्रेल त्यापूर्वी दोन वर्षे वारला होता.

ते शिक्षक दुष्ट नव्हते. आपले आयुष्य त्यांनी अंध मुलांना वाहिले होते. चूक एवढीच, की मुलांना काय हवे हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना विचारले, मुलांच्या बोटांना विचारले नाही.

आपल्या देशातही अंधशिक्षणाचा आरंभ करणाऱ्यांत मिशनरी भगिनी होत्या. अ‍ॅनी शार्प यांनी १८८७ मध्ये अमृतसरला शाळा काढली आणि मुंबईत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी १९०० साली शाळा सुरू केली. ती दादरची अंधशाळा म्हणून पुढे नावारूपास आली. पण आपल्याकडे पुष्कळ वर्षे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या ब्रेल लिपी चालत. एका ठिकाणी शिकलेल्याला दुसऱ्या ठिकाणचे पुस्तक वाचता येईना. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी मिळून भारती ब्रेल ठरली तेव्हा हा घोळ मिटला. जुन्या फाँटांचा आणि युनिकोडचा आजचा घोळ हा त्याचाच धाकटा भाऊ आहे, आणि त्याला उपायही तोच: सर्वांनी एका ठरलेल्या रीतीने लिहिणे.

अशी ठरलेली रीत डिजिटल वस्तूंसाठीही आहे. 'वेब कन्टेन्ट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स' या नावाचे जागतिक नियम १९९९ साली प्रथम निघाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांची २.२ ही आवृत्ती आली. त्यांचे सार चार शब्दांत सांगता येईल: मजकूर जाणवावा, वापरता यावा, समजावा आणि कोणत्याही साधनावर टिकावा.

थोड्यांसाठी एवढा खर्च?

व्यवहारी माणसाचा आक्षेप वेगळा असतो. तो म्हणतो, असे लोक थोडे. त्यांच्यासाठी सारे बदलायचे तर खर्च किती! २०११च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. या संख्येला थोडे म्हणवत नाही. पण आम्ही या आकड्यावर भर देऊ इच्छित नाही. तसे केले तर संख्या लहान असती तेव्हा त्यांना बाहेर ठेवणे योग्य ठरले असते, असे कबूल केल्यासारखे होईल. आमच्या मंडळीत अंध माणूस एकच आहे. त्या एकासाठी दार उघडे असावे की नाही, हे डोकी मोजून ठरत नाही. "तुम्हीही एक दिवस म्हातारे व्हाल, तेव्हा हीच सोय तुमच्या कामी येईल," हे म्हणणेही खरेच आहे आणि त्याने पुष्कळांची मने वळतील. पण आपल्या फायद्यासाठी केलेली गोष्ट फायदा दिसेनासा झाला की थांबते. ज्याचे देणे आहे त्याला ते द्यायचे, एवढे कारण पुरे.

खर्चाविषयी म्हणाल तर घर बांधणाऱ्या कोणालाही विचारा. न्हाणीघराच्या फरशीला उतार द्यायचा तो फरशी बसवताना. त्याला वेगळा पैसा पडत नाही. फरशी बसून गेल्यावर उतार काढायचा तर सारी फरशी उखडावी लागते. अ‍ॅप करणाऱ्याने बटणाला नाव देणे हे पहिल्या दिवशी मिनिटाचे काम आहे. दोन वर्षांनी तक्रारी आल्यावर तेच काम डोंगराएवढे होते, आणि मग दोष दिव्यांगांच्या माथी येतो की यांच्यासाठी खर्च फार.

दाराशी दाटलेली गर्दी

छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाची कफर्णहूमची गोष्ट शब्बाथशाळेत आपण दरवर्षी शिकवतो. चौघा मित्रांचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांना छपरावर चढावे का लागले, हे आपण मुलांना क्वचितच विचारतो. घराला दार होते. दाराशी गर्दी होती. त्या गर्दीत लुटारू नव्हते. चांगले शब्द ऐकायला आलेली चांगली माणसे होती. ती इतक्या भक्तिभावाने पुढे पाहत होती की मागे बाज घेऊन कोणी उभे आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. त्या गोष्टीत आपण स्वतःला नेहमी चौघा मित्रांच्या जागी बसवतो. कापणीच्या सणाच्या त्या आठवड्यात आम्ही गर्दीच्या जागी होतो.

आपल्या हातचे

बँकांचे आणि सरकारचे अ‍ॅप आपण करत नाही; त्यांच्याकडे तक्रार करणे, कायद्याची आठवण देणे एवढे करू शकतो आणि ते केले पाहिजे. पण आज प्रत्येक मंडळीचा चिटणीस आणि शब्बाथशाळेचा प्रत्येक शिक्षक रोज काही ना काही घडवून पाठवत असतो. तेवढ्यापुरते तरी आपण सारे घडवणारे झालो आहोत. म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

सूचनेचे चित्र खुशाल पाठवा. ज्याला वाचन जड जाते त्याला चित्राचाच आधार असतो. पण चित्राखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टंकून पाठवा. छायाचित्र पाठवले तर त्यात कोण आहे, काय चालले आहे, हे एका ओळीत लिहा. पाठ युनिकोडमध्ये जुळवा. पिवळ्यावर पांढरी, फिकटावर फिकट अशी अक्षरे टाळा. साध्या आकाराचे अक्षर आणि त्यामागची जमीन यांच्या उजेडात निदान साडेचारास एक एवढा फरक असावा, असे वर सांगितलेले जागतिक नियम म्हणतात. चित्रफितीखाली शब्द द्या. केवळ रंगावरून ओळखायची खूण ठेवू नका. आणि पाठवण्यापूर्वी एकदा आपल्या फोनवरचा वाचक सुरू करून, डोळे मिटून, आपलीच सूचना ऐका. आम्ही ऐकली तेव्हा ओशाळलो.

सर्वांत मुख्य म्हणजे ज्याच्यासाठी करायचे त्याला विचारा. अंधाची अडचण बहिऱ्याला नसते, आणि दोन अंधांची रीतही सारखी नसते. एकाला हवी असलेली सोय दुसऱ्याला नडते असेही कधी घडेल. तेव्हा दोघांना समोर बसवून मार्ग काढावा लागेल, आणि तो दरवेळी पुरता निघेलच असे नाही. पण विचारल्यावर राहिलेली उणीव आणि न विचारता घातलेला उंबरठा यांत अंतर आहे.

यंदा पुनरुत्थानाच्या सणाची सूचना आम्ही चित्रासह आणि चित्राखाली सरळ मराठीत लिहून पाठवली. दहा मिनिटांत मास्तरांचा फोन आला. आम्हाला वाटले, आभार मानतील. ते म्हणाले, "सूचना ऐकली. तिसऱ्या गीताचा नंबर चुकलाय तुमचा. सरावाच्या आत सगळ्यांना कळवा."

आम्ही पुस्तक उघडून पाहिले. नंबर चुकलेलाच होता.